सीमाभागाच्या कपाटात कोणती पुस्तकं हवीत?

आमच्या गावच्या वाचनालयात एकच मोठं लोखंडी कपाट आहे. वरच्या तीन फळ्यांवर कथा-कादंबऱ्या, चौथीवर पोथ्या, आरोग्य आणि पाककृती, आणि अगदी तळाला, खाली बसल्याशिवाय दिसणार नाही अशा फळीवर ‘वैचारिक’. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानाला तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. कादंबऱ्यांच्या चिठ्ठ्या भरून त्यावर दुसऱ्या, तिसऱ्या चिकटवल्यात. मागचं पुठ्ठं फुगून गेलंय. तळाच्या फळीवरचा महाराष्ट्राच्या इतिहासाचा एक खंड मी परवा काढला. ‘कै. वडिलांच्या स्मरणार्थ’ म्हणून कुणीतरी दिलेला. चिठ्ठीवर एकच शिक्का होता, आणि काही पानं वरून जोडलेलीच होती. इतक्या वर्षांत ती कुणी फाडून वेगळीसुद्धा केली नव्हती.

त्याच आठवड्यात वरच्या गल्लीतला एक पोरगा आला. बी.ए.ला आहे, सरकारी परीक्षांची तयारी करतो. म्हणाला, “सर, इतिहासाचं, राजकारणाचं काय वाचू? येक यादी करून देतासा काय?” त्याच्या फोनवर एक यादी आधीच होती, कुणीतरी पाठवलेली. मी ती नीट वाचली. यादी चांगली होती. फुले होते, आंबेडकर होते, पानिपतावर होतं, फाळणीवर होतं. पण ज्या मातीवर हा पोरगा उभा आहे तिच्याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. त्याच्या पणजोबांचं खरेदीखत मोडीत आहे. आजोबांची शाळेची वही बालबोधीत. त्याच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये निघतो. एकाच घरातल्या ट्रंकेत तीन लिप्यांचे कागद कसे आले, हे सांगणारं एकही पुस्तक त्या यादीत नव्हतं. पुण्यात बसून यादी करणाऱ्याला हा प्रश्न पडायचं कारणच नाही, म्हणून त्याला दोष देता येत नाही. ही यादी आपण करायची आहे, आणि ती दोन भाषांतली असली पाहिजे, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे.

सुरुवात आपल्या लढ्यापासून, म्हणजे कर्नाटकात असलेला बेळगाव-निपाणी-खानापूरचा मराठी भाग महाराष्ट्रात यावा या मागणीपासून करतो. १ नोव्हेंबरला आम्ही काळा दिन पाळतो, १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांना आणि १ जूनला कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. या वादावर नेमलेल्या महाजन आयोगाचं नाव तर आमच्याकडे शाळकरी पोराच्याही तोंडी असतं. पण अहवालात काय आहे ते विचारून बघा. मी तीस-पस्तीस जणांना विचारलं असेल. बहुतेकांचं उत्तर एकच: “आमच्यावर अन्याय केला.” अन्याय झाला असं मलाही वाटतं. पण १९६६ साली नेमलेल्या आणि १९६७ साली अहवाल देणाऱ्या त्या आयोगानं बेळगाव शहर कर्नाटकाकडेच ठेवताना निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं सुचवलं होतं, आणि उलट बाजूनं अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला. खुद्द खानापुरातल्या तरुणांना ही गोष्ट ठाऊक नसते. मग ज्या निकषांवर बेळगाव शहर नाकारलं गेलं त्या निकषांचा प्रतिवाद करणार कशाच्या जोरावर? खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या ही आपली सूत्रं आहेत. ती घोषणेत मावत नाहीत. त्यासाठी पानं उलटावी लागतात.

म्हणून यादीत पहिल्यांदा रूक्ष वाटणारे कागद येतात. राज्य पुनर्रचना आयोगाचा १९५५ चा अहवाल आणि महाजन अहवाल. त्या अहवालाला उत्तर म्हणून अ. र. अंतुले यांनी लिहिलेलं ‘महाजन रिपोर्ट अनकव्हर्ड’. आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनानं काढलेलं, दीपक पवार यांनी संपादित केलेलं ‘महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद : संघर्ष आणि संकल्प’. याला जोडून डॉ. आंबेडकरांचं भाषिक राज्यांवरचं १९५५ चं छोटं पुस्तक वाचायलाच हवं, कारण ते आपल्याला सोयीचं नाही. ‘एका राज्यात एक भाषा’ हे बाबासाहेबांना मान्य होतं. ‘एका भाषेचं एकच राज्य’ हे मान्य नव्हतं. मोठ्या भाषिक बहुसंख्येच्या राज्यात अल्पसंख्याकाचं काय होतं, ही त्यांची काळजी. सीमाभागातला मराठी माणूस आज त्याच अवस्थेत आहे. त्याच्याइतकं हे पुस्तक कुणाला कळणार?

भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे अहवालही मी वाचनीय पुस्तकांत धरतो. घटनेच्या ३५०-ब कलमानं हे पद आलं. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक किमान १५ टक्के आहेत तिथे सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेत मिळावेत, असं केंद्रानं आणि राज्यांनी मान्य केलेलं आहे. आमची माणसं कार्यालयाच्या खिडकीपाशी भांडतात, आवाज चढतो, आणि हात हलवत परत येतात. अहवालाची एक छायाप्रत घेऊन गेलो तर भांडण तेच असेल, पण पायाखाली जमीन असेल.

आता य. दि. फडके. २००० साली बेळगावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदी हा इतिहासकार होता. याच शहरात १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आम्ही अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवं. पण कवी-कादंबरीकारांच्या मांदियाळीत एका राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला बेळगावच्या मंचावर बसवलं गेलं, यातला अर्थ आम्ही पुढे नेला नाही. ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ हे त्यांचं अनेक खंडांचं काम. त्यात नेत्यांची भाषणं आहेत तशी त्यांची माघार आहे, पत्रव्यवहार आहे, तडजोडी आहेत. ते वाचलं की आपला लढा देवघरातून बाहेर येतो आणि माणसांनी केलेला, म्हणून पुन्हा करता येण्याजोगा वाटू लागतो. आमच्या तळाच्या फळीवरचा जोडलेल्या पानांचा खंड हाच.

कादंबऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः त्यांवरच वाढलो. ‘श्रीमान योगी’ लिहिणारे रणजित देसाई आमच्या शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. १९५६ पर्यंत चंदगडही बेळगाव जिल्ह्यातच होतं, म्हणजे ते आमचेच. पण त्या कादंबरीला नरहर कुरुंदकरांची जी लांबलचक प्रस्तावना आहे ती आमच्याकडे किती जण वाचतात? आमच्या वाचनालयातली प्रत बघा. प्रस्तावनेची पानं कोरी करकरीत, आणि कादंबरी सुरू होते तिथपासून कागद मळकट, कोपरे दुमडलेले. ऐतिहासिक साधनं काय सांगतात, कुठे गप्प बसतात आणि लेखकानं कुठे कल्पनेनं भर घालावी, याचा असा धडा मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडेल. तोसुद्धा घरात आधीपासून असलेल्या पुस्तकात! ज्याला वैचारिक पुस्तकांची धास्ती वाटते त्यानं तिथून सुरुवात करावी. मग त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ जड जाणार नाही.

इथपर्यंत कुणाचा फारसा विरोध होत नाही. विरोध होतो तो पुढच्या भागाला.

सौंदत्तीच्या डोंगरावर पुनवेच्या यात्रेला जाऊन बघा. कोल्हापूर, सांगलीकडच्या गाड्या, बेळगाव-खानापूरच्या गाड्या, आणि बैलहोंगल-गोकाकच्या गाड्या एकाच मैदानात सुटलेल्या असतात. भंडारा एकच, देवी एकच. कुणी तिला यल्लम्मा म्हणतं, कुणी रेणुका. आरतीची भाषा गाडीगणिक बदलते. या देवीचा शोध घेताना रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’मध्ये कन्नड आणि तेलुगू प्रदेशांतले देवीचे अवतार एकत्र मांडून दाखवले. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये तर पंढरपूरच्या देवाचा माग काढत ते गवळी-धनगरांच्या लोकदैवतापर्यंत आणि दक्षिणेपर्यंत पोचले. १९८७ साली त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु’ हे आम्ही गळा काढून गातो. ढेऱ्यांनी त्या ओळीचा अर्थ शोधण्यात आयुष्याची वर्षं घातली. हे पुस्तक सीमाभागातल्या प्रत्येक भजनी मंडळापाशी असायला हवं असं मला मनापासून वाटतं. ते मोठं आहे, संदर्भांनी भरलेलं आहे, पण मंडळात दर एकादशीला दहा पानं मोठ्यानं वाचली तर कळणार नाही असं त्यात काही नाही.

ढेऱ्यांच्या शेजारी मी जे पुस्तक ठेवीन त्यावर एकदा आमच्याच बैठकीत आवाज चढला होता. शं. बा. जोशी हे कन्नडमधले फार मोठे संस्कृती-अभ्यासक. जन्म १८९६, आपल्याच जिल्ह्यातल्या सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना कन्नड ग्रंथासाठी मिळाला. पण त्यांनी एक पुस्तक मराठीत लिहिलं, ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’. साल १९५२, म्हणजे सीमाप्रश्न पेटायच्या तोंडावर. महाराष्ट्राच्या संस्कृतीच्या पायात कानडी थर आहे, हा त्यांचा दावा. बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, “असलं पुस्तक आपण विकत घेऊन ठेवायचं? उद्या कोर्टात हेच आपल्यापुढे नाचवतील.”

मी त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहितो. हजार वर्षांपूर्वी इथे कोण काय बोलत होतं यावर आपला दावा उभा नाहीच. आज या गावांत माणसं कोणत्या भाषेत जगतात आणि त्यांनी सत्तर वर्षं काय मागितलंय, यावर तो उभा आहे. त्यामुळे जोशींचं म्हणणं पूर्ण खरं निघालं तरी आपला प्रश्न तसूभर हलत नाही. आणि खोटं असेल तर ते खोडायला आधी वाचायला पाहिजे. इरावती कर्व्यांनी ‘मराठी लोकांची संस्कृती’ लिहिताना हा दक्षिणेकडचा धागा झाकला नाही. मामाच्या मुलीशी लग्न, अण्णा आणि अक्का हे घरातले शब्द, हे सगळं आपल्या अंगाखांद्यावर आहे. ते मान्य केल्यानं मराठी माणूस उणा होत नाही.

पलीकडच्या बाजूलाही अशीच कवाडं आहेत, आणि ती आपल्याला माहीत हवीत. कर्नाटक एकीकरणाचे कुलपुरोहित म्हणून ज्यांना कन्नड माणूस मानतो ते आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले. टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी कन्नडमध्ये नेलं. १९१७ साली त्यांनी ‘कर्नाटक गतवैभव’ लिहिलं. मराठ्यांच्या इतिहासलेखनानं आम्हाला जसा अभिमान दिला तसा त्या पुस्तकानं कन्नड भाषकांना दिला. ज्यांच्याशी आपलं सत्तर वर्षांचं भांडण आहे त्यांना त्यांची भूमी कशी दिसते, हे त्या पुस्तकाइतकं स्पष्ट कुठे कळणार? ते मराठी वाचकाच्या हाती सहज, स्वस्तात पडेल अशी सोय झाली पाहिजे.

आणि बेळवडी. बैलहोंगल तालुक्यातलं हे गाव आमच्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर. दक्षिण दिग्विजयाहून परतताना मराठ्यांच्या फौजेनं तिथल्या गढीला वेढा घातला आणि एका बाईनं तो झुंजवला. मराठी परंपरेत ती सावित्रीबाई देसाई, कन्नडमध्ये बेळवडी मल्लम्मा. आमच्याकडे गोष्ट महाराजांच्या न्यायावर संपते, तिकडे राणीच्या शौर्यावर. दोन्ही गोष्टी महाराजांचा मोठेपणा मान्य करतात, हे दोन्ही वाचल्याशिवाय कळत नाही. कित्तूरचंही तसंच. तिथल्या राणी चन्नम्मानं १८२४ साली कंपनीच्या फौजेला धूळ चारली. तिच्या सैन्यातला संगोळ्ळी रायण्णा १८३१ मध्ये फासावर गेला तो नंदगडला, खानापूर तालुक्यात, जिथे घराघरांत मराठी बोलतात. त्या वाटेनं आमची पोरं रोज जातात. पण आमच्या कपाटात कित्तूरवर मराठीत एकही पुस्तक नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली आणि लगेच बेळगावात रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. त्या रात्री मला झोप आली नाही. परकीय सत्तेशी लढलेली ही दोन माणसं, आणि आपण त्यांना एकमेकांसमोर उभं केलं.

इथे कुणी म्हणेल, आमच्या शाळा बंद पडत चालल्यात, पाट्यांवरून मराठी पुसली जातेय, आणि तुम्ही कन्नड पुस्तकं वाचायला सांगताय? हा राग मी समजू शकतो, कारण तो माझाही आहे. माझ्या नातवंडांच्या पिढीत घरातली मराठी लिहिता येणारं कोण उरेल, या विचारानं जीव घाबरा होतो. पण सक्तीनं शिकवलेली भाषा आणि आपण होऊन वाचलेलं पुस्तक यांत फरक आहे. सक्तीला विरोध करायचाच. मात्र त्या सक्तीमुळे का होईना, आमच्या पोरांना कन्नड लिपी वाचता येते, आणि ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या कुठल्याही अभ्यासकाला सहज नाही. ढेऱ्यांसारख्या माणसाला जे कष्टानं मिळवावं लागलं ते आमच्या पोरांना दहावीतच हाती लागतं. ते आम्ही नुसतं उताऱ्यावरचं नाव वाचायला आणि बसची पाटी वाचायला वापरतो. बेळगावचे द. रा. बेंद्रे कुणी झाले नाहीत तरी चालेल; घरी मराठी बोलून कन्नडमध्ये ज्ञानपीठ मिळवणारे बेंद्रे शेजारच्या धारवाडात होऊन गेले. पण दोन्हीकडची साधनं वाचून सीमाभागाचा इतिहास लिहिणारे पाच-दहा तरी आमच्यातून निघायला नकोत का?

म्हणून काही मागण्या. दर हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कारदगा इथे गावकऱ्यांच्या वर्गणीवर साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, लेझीम असते, कथाकथनाला मांडव ओसंडतो. या संमेलनांनी मराठी जिवंत ठेवली, त्यांचे पाय धरावेत. माझं एवढंच म्हणणं आहे की प्रत्येक संमेलनात एक सत्र एका वैचारिक पुस्तकाला द्यावं. वक्ता मोठा नसला तरी चालेल, गावातल्याच दोघांनी पुस्तक वाचून यावं, एकानं मराठी, दुसऱ्यानं त्याच विषयावरचं कन्नड. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. एवढी जुनी वाचनाची परंपरा असलेल्या शहराला हे जड नाही. महाराष्ट्र सरकार सीमाभागासाठी जे करू पाहतं त्यात कन्नडमधल्या इतिहास-संस्कृतीच्या ग्रंथांचा मराठी अनुवाद, आणि तो करायला सीमाभागातलीच माणसं, हे कलम घालावं. राज्य मराठी विकास संस्था आणि साहित्य संस्कृती मंडळ यांना हे अवघड नाही. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांचं १९८१ चं आंदोलन, तिथल्याच विडी कामगार बायकांचा लढा, १९२५ ची निपाणीतली बाबासाहेबांची परिषद, यावरचे कागद आणि आठवणी गोळा करायलाही आता उशीर होतोय. ती माणसं थकलीत.

त्या पोराला मी शेवटी कागदावर यादी लिहून दिली आणि तळाच्या फळीवरचं शं. गो. तुळपुळे यांचं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हातात ठेवलं. त्यातला श्रवणबेळगोळचा लेख उघडून दाखवला. ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. मराठीतल्या जुन्यात जुन्या कोरीव ओळींपैकी एक, आणि ती आहे कर्नाटकात, गोमटेश्वराच्या पायाशी. म्हटलं, तिथेच हीच गोष्ट कन्नडमध्येही कोरलीय, शोधून आण.

पुढच्या रविवारी तो आला. कॉलेजच्या वाचनालयातून कन्नड पुस्तक काढून त्यानं वहीत दोन्ही ओळी एकाखाली एक उतरवल्या होत्या. वरची बालबोधीत, खालची कन्नड लिपीत. खालच्या ओळीवर बोट ठेवून त्यानं वाचलं, “श्रीचामुण्डराजं माडिसिदं.” मग थांबला, परत वाचलं.

“माडिसिदं म्हणजे करवलं की ओ, सर. बाजारात रोज ‘माडु, माडु’ म्हणतोय की आपण!”

त्यानं नोंदवहीत सही केली, आणि फडक्यांचा तो खंड घेऊन गेला. पानं वेगळी करायला घरात सुरी आहे म्हणाला.